ताटीबाहेरची मुक्ताई



आजचं वाचन : संत मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग

प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. लोकांनी केलेला अपमान जिव्हारी लागला आणि ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. चौघा भावंडांत धाकटी असलेली मुक्ताई बाहेर उभी राहिली. तिने ताटी ढकलली नाही, आणि 'बसू दे रुसून' म्हणून निघूनही गेली नाही. ती समजावत राहिली, विनवत राहिली.

मी मात्र ताटी ढकलली होती.

दिवाळीत बोरी अरबला ताईकडे गेलो होतो. भाचा अकरा वर्षांचा. काहीही सांगा, उत्तर एकच : "नाही करत, जा!" शाळेतून रोज तक्रार. आजी म्हणे नजर लागली, शेजारी म्हणत लाडाने बिघडला. मी सगळ्यांसमोर त्याला धडा वाचायला लावला. त्याने पुस्तक भिरकावलं, मी थोबाडीत दिली. तो रडला नाही. आतल्या खोलीत गेला आणि कडी लावून घेतली.

रात्री मी दाराबाहेर नुसता बसून राहिलो. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "मामा, मला वाचता येत नाही. सगळे हसतात."

म्हणजे त्याचाही अपमानच झाला होता. आणि तो मीच केला होता.

नंतर आम्ही मानसोपचारतज्ज्ञांना भेटलो. ते म्हणाले, हट्ट सगळीच मुलं करतात. पण चिडणं, वाद घालणं, मुद्दाम विरोध करणं किमान 6 महिने टिकलं आणि त्याने घर-शाळा विस्कटू लागली, तर 'ओडीडी' या विकाराची शक्यता तपासतात. त्याच्याआड एडीएचडी, चिंता किंवा वाचन-लेखनाची अडचणही असू शकते. मोबाईलवर वाचून आपण शिक्का मारायचा नाही. उपचारात मोठा वाटा घरच्यांच्या शिकण्याचा असतो : नियम थोडे पण पक्के, मार नाही, आरडाओरडा नाही, आणि चांगलं वागला की लगेच कौतुक.

भाच्याची तपासणी अजून चालू आहे. तो कधी कधी अजूनही वस्तू फेकतो. ताई थकते, रडते. मी रोज फोन करतो. त्याची माफीही मागितली. त्यावर तो फक्त "हं" म्हणाला.

मुक्ताईने ज्ञानदेवांना रागासाठी दोष देत बसण्याऐवजी ते कोण आहेत याची आठवण करून दिली. आपल्या घरातल्या लेकरालाही तेच हवं असतं. नामस्मरण मला शांत ठेवतं, पण ते तपासणीच्या जागी नाही. दोन्ही हवं.

तुमच्याही घरी असं कुणी असेल तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आजचा संकल्प : बंद दारावर आज हात आपटायचा नाही. बाहेर बसायचं, आणि आतून आवाज येईपर्यंत उठायचं नाही.

राम कृष्ण हरी!