श्रीक्षेत्र रामेश्वर : सेतुयात्रेचा क्रम आणि तिचा अर्थ

भारतवर्षाच्या चार धामांपैकी दक्षिणेचे धाम आणि बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असे दुहेरी माहात्म्य लाभलेले श्रीक्षेत्र रामेश्वर हे तमिळनाडू राज्याच्या रामनाथपुरम जिल्ह्यातील पांबन बेटावर वसलेले आहे. पश्चिमेस पांबनपासून आग्नेयेस धनुष्कोडीच्या टोकापर्यंत हे बेट सुमारे तीस किलोमीटर पसरले असून त्याचा आकार शंखासारखा असल्याचे भाविक मानतात. नारळी, ताडाची झाडे, मच्छिमारांच्या वस्त्या आणि दोन्ही बाजूंस पसरलेला निळा सागर असे त्याचे बाह्यरूप आहे. एका बाजूच्या समुद्रास परंपरेने महोदधी व दुसऱ्या बाजूच्या समुद्रास रत्नाकर म्हणतात.

महाराष्ट्रातील भाविकांच्या मनात काशी आणि रामेश्वर ही दोन नावे पिढ्यान्‌पिढ्या जोडीनेच उच्चारली जातात. काशीची गंगा रामेश्वरास अर्पण करावयाची आणि रामेश्वरच्या सेतूवरील वाळू प्रयागच्या त्रिवेणी संगमात विसर्जित करावयाची, असा या यात्रेचा प्राचीन क्रम आहे. उत्तरेचे जल दक्षिणेस आणि दक्षिणेची वाळू उत्तरेस वाहून नेण्याच्या या क्रमात यात्रेचा सारा अर्थ साठवलेला आहे. यात्रेकरूने काही घेऊन यावे, ते अर्पण करावे आणि जे लाभेल ते पुन्हा दुसऱ्या तीर्थास पोहोचते करावे. हा अर्थ ध्यानी ठेवून क्षेत्रातील स्थाने पाहिल्यास दर्शनाचे फल द्विगुणित होते.

समुद्र ओलांडून बेटावर

पूर्वी बेटावर केवळ होडीने जाता येत असे. दिनांक २४ फेब्रुवारी १९१४ रोजी समुद्रावरील पांबन रेल्वे पूल खुला झाला. सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या या पुलाचा मधला भाग जहाजे जाण्यासाठी दुभंगून वर उचलला जात असे. १९८८ मध्ये त्याच्या शेजारी मोटारींसाठी पूल झाला. जुन्या रेल्वे पुलावरील वाहतूक डिसेंबर २०२२ मध्ये थांबविण्यात आली आणि ६ एप्रिल २०२५ रोजी, श्रीरामनवमीच्या दिवशी, नवा रेल्वे पूल सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा मधला भाग दुभंगत नाही. तो सरळ उभा वर उचलला जातो. मदुराईपासून रामेश्वर सुमारे १७० किलोमीटर आहे.

श्रीरामनाथस्वामी मंदिर

रावणवधानंतर प्रभू श्रीरामचंद्रांनी येथे शिवपूजनाचा संकल्प केला व हनुमंतास लिंग आणण्यासाठी कैलासावर पाठविले. मुहूर्त टळू लागला तेव्हा सीतामाईने समुद्रकाठच्या वाळूचे लिंग घडविले व त्याचीच प्रतिष्ठापना झाली. हनुमंत परतले तेव्हा त्यांचे मन खट्टू झाले. ते जाणून प्रभूंनी त्यांनी आणलेल्या लिंगाचीही स्थापना केली आणि त्याची पूजा आधी व्हावी अशी आज्ञा दिली, अशी कथा आहे. आजही येथे विश्वलिंगाची पूजा प्रथम आणि रामलिंगाची नंतर होते. मनापासून केलेली सेवा उशिरा पोहोचली तरी वाया जात नाही, हा या क्रमातील बोध आहे. मंदिरात पर्वतवर्धिनी देवीचे तसेच सेतुमाधवाचे दर्शन घ्यावे. पहाटे पाचच्या सुमारास होणारे स्फटिकलिंगाचे दर्शन विशेष पुण्यप्रद मानले जाते.

मंदिराचे सध्याचे भव्य रूप मुख्यतः रामनाडच्या सेतुपती राजांच्या भक्तीचे फळ आहे. सेतूचे रक्षक म्हणून त्यांना हे नाव मिळाले. अठराव्या शतकात मुथुरामलिंग सेतुपतींच्या काळात पूर्ण झालेला बाहेरचा प्रदक्षिणामार्ग सुमारे बाराशे स्तंभांचा असून दोन्ही बाजूंचे स्तंभ दृष्टी पोहोचेतो एका रांगेत उभे आहेत. हे काम झाले तेव्हा बेटास जोडणारा एकही पूल नव्हता, हे लक्षात घेतल्यास त्या कारागिरांविषयी आदर दुणावतो. श्रीरामनाथाच्या पूजेचा अधिकार परंपरेने महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यांकडे आहे. शृंगेरी पीठाची दीक्षा घेऊन हे अर्चक सेवा करतात. दूरच्या दक्षिण समुद्रातील या बेटाशी मराठी माणसाचे नाते असे गाभाऱ्यापर्यंत पोहोचलेले आहे.

अग्नितीर्थ आणि बावीस तीर्थे

मंदिरासमोरील पूर्वेचा समुद्र म्हणजे अग्नितीर्थ. यात्रेचा आरंभ येथील स्नानाने होतो. त्यानंतर ओलेत्यानेच मंदिराच्या आवारातील बावीस तीर्थांचे स्नान करावयाचे असते. महालक्ष्मी तीर्थापासून सुरुवात होऊन गायत्री, नल, नील, शंख, चक्र, सूर्य, चंद्र, गंगा, यमुना, गया आदी तीर्थांवरून कोटितीर्थावर समाप्ती होते. श्रीरामांच्या भात्यातील बावीस बाण म्हणजेच ही तीर्थे, अशी श्रद्धा आहे. बहुतेक तीर्थे विहिरींच्या रूपात आहेत. सेवेकरी पोहऱ्याने पाणी शेंदून भाविकांच्या मस्तकावर ओततात.

समुद्र हाकेच्या अंतरावर असताना विहिरींचे पाणी गोडे कसे, असा प्रश्न अनेकांना पडतो. बेटाच्या वाळूत मुरणारे पावसाचे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असते. ते खालच्या खाऱ्या पाण्यावर एखाद्या थराप्रमाणे तरंगत राहते आणि विहिरींतून लाभते. मात्र हा थर पातळ असतो. प्रमाणाबाहेर उपसा झाल्यास खालचे खारे पाणी वर चढते. म्हणूनच या बेटावर गोड्या पाण्याचा प्रत्येक पोहरा ईश्वराचा प्रसाद समजून वापरावा. तंगच्चिमडम गावाजवळील विल्लुंडी तीर्थावर तर प्रत्यक्ष समुद्रात बांधलेल्या विहिरीत गोडे पाणी मिळते. सीतामाईची तहान भागविण्यासाठी श्रीरामांनी तेथे धनुष्य रोवले, अशी कथा सांगतात.

गंधमादन, कोदंडराम आणि धनुष्कोडी

मंदिराच्या उत्तरेस सुमारे तीन किलोमीटरवर गंधमादन पर्वत म्हणून ओळखली जाणारी टेकडी आहे. बेटावरील हे सर्वांत उंच स्थान होय. येथील दुमजली मंडपात श्रीरामांच्या पादुकांचे दर्शन होते आणि गच्चीवरून सारे बेट दिसते.

धनुष्कोडीच्या मार्गावर श्रीकोदंडराम मंदिर लागते. बिभीषण येथेच प्रभूंना शरण आला व येथेच त्यास लंकेचा अभिषेक झाला, अशी श्रद्धा आहे. शत्रूच्या घरून आलेल्यालाही आश्रय देणाऱ्या शरणागतवत्सल रामाचे हे स्थान आहे.

पुढे धनुष्कोडी. एके काळी येथे रेल्वे स्थानक, टपाल कचेरी, शाळा, चर्च, मंदिर असे नांदते गाव होते आणि येथून श्रीलंकेतील तलैमन्नार बंदरास बोटी जात. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळाने हे गाव पुसून टाकले. पांबनहून निघालेली प्रवासी गाडी धनुष्कोडीच्या अलीकडे लाटांनी गिळली आणि तिच्यातील शंभराहून अधिक प्रवाशांपैकी कोणीही वाचले नाही. गावात व किनाऱ्यावर शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. पांबनचा पूलही मोडला. तो ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली अवघ्या ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला, परंतु धनुष्कोडी वसाहतीस अयोग्य ठरविण्यात आली. कोदंडराम मंदिर मात्र त्या वादळातही टिकून राहिले.

आज चर्चच्या व स्थानकाच्या पडक्या भिंती वाळूत उभ्या आहेत. २०१७ मध्ये पक्का रस्ता झाल्यापासून अरिचल मुनई या भूमीच्या टोकापर्यंत वाहनाने जाता येते. येथूनच सेतूची उथळ रांग श्रीलंकेकडे जाते. सेतूची वाळू येथेच भक्तिभावाने उचलावी, परंतु त्याआधी क्षणभर थांबून १९६४ च्या त्या रात्री गेलेल्या जीवांसाठी एक ओंजळ पाणी सोडावे. ज्या वाळूची आपण पूजा करतो, तिच्याखाली कुणाचे घर होते याचे विस्मरण होऊ देऊ नये.

सेवेचे तीर्थ

संत एकनाथ महाराजांची कथा मराठी घराघरांत ठाऊक आहे. काशीहून गंगाजलाची कावड घेऊन नाथमहाराज रामेश्वरास निघाले. वाटेत तापलेल्या वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडताना त्यांना दिसले. नाथांनी कावडीतील जल त्याच्या मुखी घातले. एवढ्या लांबून आणलेली गंगा वाया गेली, असे सोबत्यांना वाटले, पण नाथांच्या दृष्टीने रामेश्वराचा अभिषेक त्याच ठिकाणी झाला होता.

या कथेचे मर्म पुढच्या पिढ्यांनीही जपले. तंजावरच्या मराठा राजांनी रामेश्वराच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रे, म्हणजे अन्नछत्रांसह धर्मशाळा बांधल्या. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांपैकीच एक होय. या छत्रांत जातिभेद न पाहता सर्व वाटसरूंना अन्न मिळे, आजाऱ्यांवर उपचार होत आणि अनाथ मुलांचा सांभाळ होई. कंपनी सरकारची सत्ता वाढली तेव्हा सरफोजीराजे दुसरे यांनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटास पत्र लिहून छत्रांचे उत्पन्न अबाधित राहावे, अशी कळकळीची विनंती केली. राज्य हातून जात असताना वाटसरूंच्या अन्नाची चिंता वाहणारा हा दाता दानशूरांपुढील आदर्श ठरावा.

स्वामी विवेकानंद पाश्चात्त्य देशांतून परतताना २६ जानेवारी १८९७ रोजी पांबन येथे उतरले. रामनाडचे राजे भास्कर सेतुपती यांनी त्यांचे स्वागत केले. रामेश्वर मंदिरातील भाषणात स्वामीजींनी दीनदुबळ्यांत शिव पाहून त्यांची सेवा करणे हीच खरी पूजा, असा उपदेश केला. त्यानंतर राजांनी हजारो गरिबांना अन्नवस्त्रदान केल्याचे स्वामीजींच्या चरित्रात नोंदलेले आहे. कुंदुकाल येथे स्वामीजींचे स्मारक आहे.

माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९३१ रोजी रामेश्वर येथेच झाला. त्यांचे वडील होडीतून यात्रेकरूंना धनुष्कोडीस नेत-आणत आणि सीताराम विवाहोत्सवात देवाच्या मूर्ती नेण्यासाठी त्यांचे कुटुंब होड्यांची व्यवस्था करीत असे. पेइकरुम्बू येथील डॉ. कलाम यांचे स्मारक २०१७ मध्ये खुले झाले.

यात्रेकरूंनी ध्यानी ठेवावे

१. यात्रेसाठी जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस व वादळांचा संभव असतो.

२. बावीस तीर्थांच्या स्नानानंतर कोरडी वस्त्रे नेसूनच दर्शनास जावे. ओल्या वस्त्रांनी गाभाऱ्याजवळ प्रवेश मिळत नाही. गर्भगृहात केवळ अर्चक जातात. सोबतचे गंगाजल मंदिरातील व्यवस्थेनुसार अर्पण करावे. दुपारी मंदिर काही तास बंद असते.

३. नेसलेली वस्त्रे अग्नितीर्थात सोडू नयेत. ती लाटांबरोबर तळाशी जातात, जाळ्यांत अडकतात आणि तीर्थ मलिन करतात. तीच वस्त्रे धुऊन गरजूस दिल्यास ते दान ठरते.

४. अरिचल मुनई येथे दोन समुद्रांचे प्रवाह मिळत असल्याने स्नानासाठी खोल पाण्यात मुळीच उतरू नये. सायंकाळनंतर तेथे थांबता येत नाही. ज्येष्ठांनी व लहान मुलांनी काठावरूनच वंदन करावे.

५. दक्षिणेकडील मन्नारच्या आखातात १९८६ पासून एकवीस बेटांचे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. येथील प्रवाळ कायद्याने संरक्षित असून ते उचलणे, विकणे वा विकत घेणे हा गुन्हा आहे. स्मृती म्हणून प्रवाळ आणू नये.

६. वेळ असल्यास मुख्य भूमीवरील देवीपट्टणमचे समुद्रातील नवपाषाण, तिरुप्पुल्लाणीचे दर्भशयन राम आणि सेतुकरै ही सेतुयात्रेची अंगभूत स्थानेही पाहावीत.

परतताना कोटितीर्थाचे जल आणि सेतूची चिमूटभर वाळू घेऊन भाविक घरी निघतात. ती वाळू प्रयागी पोहोचेल तेव्हा यात्रेचा विधी पूर्ण होईल. परंतु वाटेत एखादा तहानलेला भेटल्यास हातातील पाण्याचा तांब्या प्रथम त्याच्यापुढे करावा. नाथमहाराजांच्या मार्गाने जाणाऱ्यास रामेश्वर तेथेही भेटतो.

॥ श्रीरामेश्वरार्पणमस्तु ॥