रहीमसाहेबांचा फुटबॉल आणि आपली ऊसतोडणी



या अंकात खताचे हप्ते बाजूला ठेवून आम्ही फुटबॉलविषयी चार शब्द लिहीत आहोत. तालमींच्या संघांमुळे कोल्हापूरकडच्या मंडळींना हा खेळ नवा नाही. पण आशियाई स्पर्धेत भारताने त्यात दोनदा सुवर्णपदक मिळवले, १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जकार्तात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दोन्ही वेळी प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शाळामास्तर.

हैदराबादेत त्यांनी पोरांसाठी निराळ्याच स्पर्धा भरवल्या. एकीत चेंडू पायात घोळवत पळायला बंदी. आला की सोबत्याकडे द्यायचा. दुसरीत फक्त कमजोर पायानंच खेळायचं. म्हणजे एकट्याची करामत कमी आणि जे जमत नाही त्याची मेहनत जास्त.

जकार्तात पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० असे हरवले. पुढे थायलंडविरुद्ध जर्नैल सिंग यांच्या डोक्याला मार लागून टाके पडले. हा गडी नेहमीचा बचावाचा. रहीमसाहेबांनी त्याला घरी न बसवता पुढच्या फळीत खेळवले, आणि त्यानेही 'माझी जागा ती नव्हे' असा हट्ट धरला नाही. ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाच समोर. प्रेक्षक आपल्या विरुद्ध. पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नैल सिंगांचा. आपण २-१ ने जिंकलो. जून १९६३ मध्ये कर्करोगाने रहीमसाहेब गेले.

आता आपल्याकडे पाहू. खेळाडू चेंडू दुसऱ्याला कधी देतो? तो परत मिळेल असा भरवसा असला तर. तोडणीची पाळीही तशीच. कुणी वशिल्यानं पाळी मोडून कोवळा ऊस आधी आणला, की कारखान्याचा उतारा घसरतो. आणि उताऱ्यावर ठरणारा दर सगळ्यांचाच कमी होतो. ज्याची पाळी हुकली त्याचा पक्का ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, खोडवा मागे पडतो. अर्ध्या एकरावर वर्षाचा संसार असलेल्या सभासदाला हा फटका सोसत नाही. असं दोन हंगाम झालं, की तोही नोंद द्यायला नाखूश होतो. मग भाषणं देऊन त्याचा उत्साह परत येत नाही.

म्हणून विनंती एवढीच: लागणीची खरी तारीख नोंदवावी, पाळी सांभाळावी, वाढे-पाचट काढून ऊस स्वच्छ पाठवावा आणि तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडेल असे पाहावे. पाळीची यादी सर्वांना दिसेल अशी लावणे आणि ती कुणासाठीही न मोडणे, हे आमच्या शेतकी विभागाचे काम. त्यात कसूर दिसली तर सभासदांनी आम्हाला जरूर जाब विचारावा.

— ऊस विकास अधिकारी