*जुन्या घराला सोलर: आधी गोठा, मग छप्पर*



आज पिकाबद्दल नाही, घराबद्दल बोलू. गेल्या महिन्यात बऱ्याच सभासदांनी घरच्या सोलरचं कोटेशन पाठवून विचारलं, "घेऊ का?" जवळपास सगळी कोटेशनं ३ किलोवॅटची होती आणि बरीचशी घरं माळवदाची. एका सभासदाचा वापर महिन्याला जेमतेम ११० युनिट, तरी कर्जाचे कागद तयार होते. म्हणून आज सविस्तर लिहितोय. सही करण्याआधी एवढं वाचा. (शेतातला सोलर पंप हा वेगळा विषय आहे. हा सल्ला घरच्या मीटरपुरता.)

*घरात इंधन जळतं कुठे?*
तीन ठिकाणी: स्वयंपाक, आंघोळीचं पाणी आणि वीज. सिलिंडरचा गॅस खनिज तेलातून आणि नैसर्गिक वायूतून येतो, हे आपल्याला माहीत आहे. पण बटण दाबल्यावर लागणारा दिवासुद्धा बराचसा चंद्रपूर, कोराडी, परळीसारख्या केंद्रांतल्या कोळशावरच लागतो. हे तिन्ही खर्च सूर्यावर आणि शेणावर नेता येतात. फक्त क्रम चुकला की पैसे जातात.

*पायरी १: आधी वापर कमी करा* 💡
जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो. नवीन बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो. दोन पंखे रोज १२ तास चालत असतील, तर महिन्याला ३२ युनिट वाचतात. जुन्या ४० वॉटच्या दोन ट्यूब काढून २० वॉटच्या एलईडी लावल्या आणि त्या रोज ५ तास चालल्या, तर आणखी ६ युनिट. म्हणजे ११० युनिटचं घर ७२ वर आलं. १ किलोवॅट सोलर महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट देतो. आता सांगा, ३ किलोवॅट कशाला?

याच पायरीत वायरिंग तपासा. जुन्या घरात अर्थिंग बहुधा नसतं किंवा मेलेलं असतं. वायरमनकडून अर्थिंग करून घ्या आणि गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी बसवा. मातीच्या ओल्या भिंतीत शॉक उतरतो. हा खर्च सोलर घेतला नाही तरी करायचाच आहे.

*पायरी २: गोठा, म्हणजे गोबरगॅस* 🐄
२ घनमीटरच्या दीनबंधू संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. एक मोठं जनावर दिवसाला १० किलोच्या आसपास शेण देतं. म्हणजे गोठ्यात बांधलेली ४-५ जनावरं हवीत. चरायला जाणाऱ्या जनावरांचं निम्मंच शेण हाती येतं, ते हिशोबात धरा.

१ घनमीटर गोबरगॅस म्हणजे साधारण ४३० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. २ घनमीटरचे रोज ८६० ग्रॅम झाले. १४.२ किलोचा सिलिंडर १६-१७ दिवसांत जेवढा जळेल, तेवढं हे इंधन आहे. बहुतेक कुटुंबांचा रोजचा स्वयंपाक यात निघतो. थंडीत गॅस कमी पडतो, त्यामुळे सिलिंडरचं कनेक्शन बंद करू नका. एक भरलेला ठेवा.

लक्षात ठेवा:
▪️ जागा उन्हात, स्वयंपाकघराजवळ आणि पिण्याच्या विहिरीपासून किमान १५ मीटर लांब.
▪️ शेगडी गोबरगॅसचीच घ्या. सिलिंडरच्या शेगडीला नळी जोडू नका.
▪️ गळती साबणाच्या पाण्याने तपासा, काडी ओढून कधीच नाही.
▪️ ⚠️ टाकीत कोणीही उतरायचं नाही, रिकामी दिसली तरी नाही. आतला वायू माणसाला बाहेर यायला वेळ देत नाही.

आणि स्लरी विसरू नका. रोज जवळजवळ १०० लिटर निघते. उन्हात वाळवली की तिच्यातलं नत्र उडून जातं. पाचट किंवा काडीकचऱ्याच्या खड्ड्यात सोडा, नाहीतर पाण्याबरोबर उसाला, फळबागेला द्या. माझ्या मते गोबरगॅसचा खरा नफा इथेच आहे. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करा.

*जनावरं नसतील तर?* इंडक्शन शेगडी चालते. एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर करायला साधारण १०० ते १२० युनिट लागतात, म्हणजे १ किलोवॅट सोलरचं महिन्याचं उत्पादन. मात्र शेगडी एका वेळी २ किलोवॅटपर्यंत ओढते. तिच्यासाठी स्वतंत्र जाड वायर आणि १६ अँपिअरचा सॉकेट हवा.

*पायरी ३: आंघोळीचं पाणी* 🚿
१०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला विजेच्या गिझरला सुमारे ३ युनिट लागतात. चार माणसांच्या घरात हे रोजचं आहे. १०० लिटरचा सोलर वॉटर हीटर हे काम फुकटात करतो. पण भरलेली टाकी आणि स्टँड मिळून वजन सव्वाशे-दीडशे किलो होतं. ते माळवदावर किंवा कौलांवर ठेवू नका. न्हाणीघराचा स्लॅब पक्का असेल तर तिथे, नाहीतर अंगणात लोखंडी स्टँडवर. थंड पाण्याची टाकी हीटरपेक्षा उंच हवी. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर नळ्यांत थर बसतो. वेळोवेळी साफ करून घ्या.

*पायरी ४: आता पॅनेल* ☀️
हा आमच्याच घरचा अनुभव आहे. आजोबांनी बांधलेलं माळवद. पॅनेलचे पाय रोवायला कारागिराने वरची माती खणली, खाली बोल्ट मारले. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तुळईत मुरलं. शेवटी तुळई बदलावी लागली आणि पॅनेल उतरवून अंगणात लावली. मजुरी दोनदा गेली, आजीची खाट पावसाळाभर पडवीत.

त्यात दोष पॅनेलच्या वजनाचा नव्हता. वादळी वारा पॅनेलला खालून उचलतो, म्हणून पाय घट्ट रोवावे लागतात. माळवदात घट्ट धरायला काही नसतं. शिवाय दरवर्षी मृगाआधी पांढरी माती टाकायची असते, ती पॅनेलखाली टाकता येत नाही. म्हणून जुन्या घराला अंगणात काँक्रीटच्या पायावर उभा केलेला सांगाडा बरा. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा, तोंड दक्षिणेला, कडुनिंबाची किंवा शेजारच्या भिंतीची सावली नको. एका पॅनेलवर सावली पडली तरी बाकीच्यांचं उत्पादन घटू शकतं.

पंतप्रधान सूर्यघर योजना (२०२४ पासून) अशी आहे:
▪️ अनुदान १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,०००, ३ किंवा जास्त असेल तर ७८,०००.
▪️ पोर्टलवर नोंदलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. पॅनेलमधले सेल भारतात बनलेले हवेत.
▪️ अनुदान काम पूर्ण होऊन नेट मीटर लागल्यावर खात्यात येतं. तोवर पैसे आपल्यालाच उभे करायचे.
▪️ मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नावात बदल करून घ्या.

विक्रेता सहसा सांगत नाही त्या तीन गोष्टी:
१) लाईट गेली की साधा ऑन-ग्रिड सोलर दिवसासुद्धा बंद पडतो. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून तशी रचना असते. भारनियमनात वीज हवी असेल तर बॅटरी लागते, तिचा खर्च वेगळा.
२) बिल अगदी शून्य होत नाही. स्थिर आकार भरावाच लागतो.
३) वर्षाअखेर उरलेल्या युनिटला आपण भरतो तो दर मिळत नाही. म्हणून अनुदान मोठं दिसतं म्हणून मोठा सोलर घेऊ नका. उरलेलं कर्जही मोठं असतं.

*या आठवड्याचं काम* 📝
१) वीजबिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. उन्हाळ्याचा आणि थंडीचा आकडा लिहून काढा.
२) तीन दिवस सकाळचं शेण पाटीने मोजा. एक पाटी काट्यावर तोलून घ्या.
३) अंगणात सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता सावली कुठे पडते, त्याचा फोटो काढा.

या तीन गोष्टी याच नंबरवर पाठवा. ग्राहक क्रमांक झाकला तरी चालेल. लिहायला जमत नसेल तर व्हॉइस मेसेज करा. कोटेशन आलं असेल तर तेही जोडा, हिशोब करून सांगतो. ज्यांनी ॲडव्हान्स दिलाय त्यांनी लाजू नका, आधी फोन करा. छप्पर खणायच्या आत बोललेलं बरं.

आपला,
कृषी सल्लागार 🌱