अंबागडची चढण

भंडारा जिल्ह्याचे नाव घेताच तलाव आठवतात, धानाची शेते आठवतात, पितळेची भांडी आठवतात. डोंगर मात्र सहसा कोणाला आठवत नाहीत. डोंगर म्हणजे सह्याद्री, फार तर हिमालय, असाच आपला समज झालेला असतो. तुमसर तालुक्यातील मुलांना विचारा. त्यांच्या शाळेच्या मागे, धानाच्या बांध्यांपलीकडे, आभाळाच्या कडेला टेकड्यांची निळसर ओळ रोज उभी असते. सातपुड्याच्या या धाकट्या भावंडांना अंबागडचे डोंगर म्हणतात. जिल्ह्याच्या पूर्वेकडे गायखुरीची रांग आहे. यांची उंची फारशी नाही. पहाटे घरून निघून, डोंगर चढून, शिदोरी खाऊन दिवेलागणीपर्यंत घरी परत येता येते. किंबहुना हाच त्यांचा मोठा गुण होय.

मी सहाव्या वर्गात असताना आम्ही घरची मंडळी अंबागडला गेलो होतो. हा बेत आजीचा. लहानपणी ती दरवर्षी महाशिवरात्रीला बैलगाडीतून गायमुखच्या यात्रेस जात असे. त्या वाटेवरून अंबागडचा किल्ला दिसतो. “खालून पाहून पाहून डोळे थकले, एकदा वर जाऊन पाहीन म्हणते,” असे ती पुष्कळदा म्हणे आणि आम्ही ते हसण्यावारी नेत असू. त्या वर्षी पौषात, धानाची मळणी आटोपल्यावर, बाबांनी ते मनावर घेतले.

तुमसरहून अंबागड सुमारे 13 किलोमीटर आहे. वाटेत दोहों बाजूंस धानाच्या रिकाम्या बांध्यांतून लाखोळी आणि जवस डुलत होते. धान कापण्यापूर्वीच ओल्या मातीत हे बी फेकतात आणि उरलेल्या ओलीवर पीक येते. त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. पायथ्याच्या गावी उतरलो तेव्हा ऊन कोवळे होते. आईने निघतानाच पाण्याच्या बाटल्या वाटून दिल्या होत्या, प्रत्येकाच्या हाती एक एक. “वर पाणी नाही; जपून वापरा,” असे तिने दोनदा सांगितले. माझ्या एका कानाने ते ऐकले असावे.

चढण झाडीतून जाते. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह अशी ही झाडी. सागाची मोठाली वाळलेली पाने पायांखाली कुरकुरत होती. वाटेवरच्या दगडांकडे माझे लक्ष गेले. काहींत बारीक चकाकी होती. बाबा म्हणाले, “तो अभ्रक आहे. सह्याद्रीचा काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झाला. आपल्याकडचे खडक त्याहून कितीतरी पट जुने आहेत. जमिनीच्या पोटात दाब आणि उष्णता सोसून त्यांचे रूप पालटले आहे.” पुढे त्यांनी पिशवीतील विजेरी काढून दाखविली. याच तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीज पोलाद तयार करण्यास लागते, आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणीतील काही धातुक विजेरीच्या सेलमध्ये भरण्याच्या काळ्या भुकटीसाठी उपयोगी पडते. आपल्या हातातील दिव्यात आपल्याच मातीतील काही असू शकते, ही कल्पना मला फार आवडली.

मग काय! प्रत्येक दगड मला रत्न वाटू लागला. दगडावर धूळ असली म्हणजे चकाकी दिसत नाही, पाणी ओतले की ती लखलखते. मी आणि माझा धाकटा भाऊ एकेक दगड धुऊन पाहत चाललो. अर्ध्या वाटेवर पोहोचलो तेव्हा खिसे जड झाले होते आणि दोघांच्याही बाटल्या रिकाम्या.

भावाला तहान लागली. आजीने आपली बाटली त्याच्यापुढे केली. थोड्या वेळाने मलाही लागली. मलाही तिनेच दिली. “मला नाही रे तहान, थंडीचे दिवस आहेत,” असे ती म्हणाली. थंडीचे दिवस खरे, पण दहा वाजून गेले होते आणि चढणीवर सर्वांनाच घाम फुटला होता. हे माझ्या ध्यानात आले नाही, असे म्हणता येत नाही. ध्यानात आले होते. तरी मी प्यालो.

दरवाजा दिसला तेव्हा आम्ही धावत सुटलो. वर तट आहे, बुरूज आहेत, पडक्या वाड्याचे अवशेष आहेत. हा किल्ला 1700 सालाच्या सुमारास, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात बांधला गेला. नागपूर शहर वसविणारा राजा तो हाच. त्याच्या हाताखालील राजखान पठाण नावाच्या सरदाराने किल्ल्याचे काम केले. पुढे नागपूरकर भोसल्यांचे राज्य आले, आणि त्यांनी या किल्ल्याचा उपयोग तुरुंगासारखा केला.

मागे वळून पाहतो तो आजी दरवाजाच्या सावलीत भिंतीला टेकून बसलेली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आई पदराने वारा घालीत होती. “काही नाही, जरा डोळ्यांपुढे अंधारी आली,” आजी पुटपुटली. तिची बाटली मी उचलून पाहिली. ती रिकामी होती.

मी आत धावलो. तटाच्या आत पाणी साठलेले मला मघाशीच दिसले होते. ते हिरवट होते, वर पाने तरंगत होती. पण पाणी होते. बाटलीचे झाकण उघडले तोच बाबांनी माझा दंड धरला.

“हे पाणी नको,” ते म्हणाले. “या किल्ल्याची गोष्ट ठाऊक आहे ना? कैद्यांना येथल्या आतल्या विहिरीचे साचलेले, विषारी पाणी बळेच पाजीत आणि त्यातच त्यांचा अंत होई, असे लोक सांगत आले आहेत. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांतही ही आख्यायिका नोंदली आहे.”

पाण्यात कोणी विष घातले होते काय, असे मी विचारले. विष घालण्याची गरजच नव्हती, असे बाबांचे मत. पाऊस पडतो, टाके भरते, पुढे आठ महिने त्यात नवा थेंब येत नाही. पाने पडतात, किडे मरतात, सारे तेथेच कुजते. अशा पाण्यात रोगजंतू वाढतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. चांगल्या खाल्ल्यापिल्या माणसाला त्याने हगवण लागेल. अंधारात कोंडलेल्या, अर्धपोटी कैद्याला तेवढेही पुरे. ती गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, त्या हिरव्या पाण्याकडे पुन्हा पाहवेना.

आईच्या बाटलीत तळाशी चार घोट उरले होते. ते आजीला थोडे थोडे करून पाजले. शिदोरीत दोन संत्री होती, तीही तिलाच सोलून दिली. खिशातले दगड मला टोचत होते. “आजी, पाणी मी सांडले,” मी म्हणालो. “ठाऊक आहे. मागून येत होते ना मी,” ती म्हणाली, आणि संत्र्याची एक फोड तिने माझ्या हातावर ठेवली. ती घशाखाली उतरविणे मला कठीण गेले.

अर्ध्या तासाने तिच्या चेहऱ्यावर रंग आला. बाबा म्हणाले, पलीकडच्या बुरुजापर्यंत जाणे आता नको. पाणी संपले, ऊन वाढले, येथूनच परतू. भाऊ रुसला. आजी मात्र उठून, आईचा हात धरून, तटाच्या कडेपर्यंत गेलीच.

खाली सारा मुलूख पसरला होता. शेते, गावे, आणि मधूनमधून आरशाच्या तुकड्यांसारखे तलाव आणि बोड्या. आजीचे माहेर साकोलीकडचे. तिकडे कोहळी समाजाच्या लोकांनी काही शतकांपूर्वी शेकडो तलाव बांधले. ती बोटाने दाखवून सांगू लागली. डोंगराची सोंड उतरते तेथे दोन बाजू आयत्याच मिळतात. तिसऱ्या बाजूला मातीची पार घातली की तलाव झाला. पारीच्या पोटात तुडूम ठेवायचे, ते उघडले की पाणी पाटाने धानाला जाते. फाजील पाणी सांडव्यावरून निघते आणि खालच्या गावाच्या तलावात पडते. “वरच्याचा भरला की खालच्याचा भरतो,” ती म्हणाली, “आणि सगळ्यांचा भरला की मग वैनगंगा. डोंगर उघडा पडला तर मात्र पावसाबरोबर माती येते आणि तलाव गाळाने भरतो. माझे वडील दर उन्हाळ्यात गाळ काढायला जात.”

भूगोलाच्या पुस्तकात ‘पाणलोट क्षेत्र’ हा शब्द मी पाठ केला होता. तो शब्द म्हणजे समोरचे हे सारे, हे मला तेव्हा कळले. आपण ज्या सागाच्या पाचोळ्यावरून चढून आलो, तोच पावसाचा जोर झेलतो, पाणी जिरवितो आणि झिरपत झिरपत खाली सोडतो. किल्ल्याच्या टाक्यातही पाऊसच पडला होता. पण त्याला बाहेर जाण्यास वाट नव्हती.

उतरताना आम्ही आजीच्या चालीने चाललो, म्हणजे फार सावकाश. पायथ्याच्या गावात एका घरी पाणी मागितले. त्या माउलीने घागरच पुढे ठेवली आणि गुळाचा खडाही दिला. कोण कोठले, हे तिने नंतर विचारले.

दिवस उरला होता, म्हणून गायमुखलाही गेलो. झाडीत महादेवाचे स्थान आहे, आणि गाईच्या मुखाच्या आकाराच्या दगडातून झऱ्याचे पाणी पडते. त्यावरूनच गावाला हे नाव मिळाले. महाशिवरात्रीला येथे पाय ठेवण्यास जागा नसते. त्या दिवशी आमच्याशिवाय दोघेतिघेच होते. आजीने धारेखाली ओंजळ धरली, तोंडावरून हात फिरविला आणि किल्ला कोणत्या दिशेला असेल तिकडे पाहत बराच वेळ उभी राहिली.

घरी पोहोचेपर्यंत अंधार पडला. एस. टी.च्या थांब्यापासून घरापर्यंत विजेरी माझ्या हातात होती.

माघात आम्ही चांदपूरला गेलो. तेथे मोठा जलाशय आहे आणि टेकडीवर हनुमंताचे देऊळ. निघताना पाण्याच्या बाटल्या आजीने स्वतः मोजून घेतल्या, आणि माझ्या हाती एकाऐवजी दोन दिल्या.