ओटीपी ही आपली निशाणी होय

मजकूर वाचून घेतल्यावांचून कागदावर निशाणी करूं नये, हा धडा आमच्या शेतकरी बंधूंनीं फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. सन १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुळांनीं सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. त्या असंतोषाचीं कारणें अनेक होतीं. परंतु निरक्षर कुळाकडून न समजलेल्या रोख्यावर नांगराची निशाणी करून घेतली जाई, हें त्यांपैकीं एक होतें. पुढें सन १८७९ च्या कायद्यानें शेतकऱ्यांचे रोखे गांवच्या निबंधकाच्या देखरेखीखालींच लिहिले जावेत, अशी तजवीज झाली. आम्हीं महसूल खात्यांत लेखणी चालविली तेव्हांही ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ हे शब्द लिहिण्यापूर्वी मजकूर वाचून दाखविण्याची शिस्त होती.

आज बँकेंतील पैसा मोबाईलवरून हलतो. तेथें कागद नाहीं, शाई नाहीं, साक्षीदारही नाहीं. मग निशाणी कोणती? बँकेकडून येणारा ओटीपी, यूपीआयचा पिन व आपला पासवर्ड, हीच आतां आपली निशाणी होय. बँकेचें यंत्र माणूस ओळखत नाहीं, तें अंक ओळखतें. अंक बरोबर आला कीं हुकूम खातेदाराचाच, असें धरून तें पैसे सोडतें. एवढें तत्त्व ध्यानांत धरिलें तर ठकांच्या युक्त्या समजण्यास कठीण नाहींत.

ठकांची रीत.— या फसवणुकीस ‘फिशिंग’ म्हणतात. गळाला आमिष लावून मासा धरावा तसा हा प्रकार असून नांवही त्यावरूनच पडलें आहे. ‘केवायसीअभावीं आपला पीएम-किसानचा दोन हजारांचा हप्ता अडकला आहे’, ‘आपलें किसान क्रेडिट कार्ड आज रात्रीं बंद होईल’, असा संदेश येतो व त्याखालीं लिंक असते. ती दाबतांच बँकेच्या पानासारखें हुबेहूब पान उघडतें. त्यावर भरलेला पासवर्ड बँकेकडे न जातां ठकाकडे जातो व तो लागलाच खऱ्या बँकेंत वापरतो. तेव्हां बँक खातेदाराच्या मोबाईलवर ओटीपी पाठविते. आतां एवढें एकच कुलूप उरलेलें असतें. म्हणून ठक फोन करून ‘पडताळणीचा अंक सांगा’ म्हणतो. ओटीपी खऱ्या बँकेकडून आलेला असल्यामुळें फोनही बँकेचाच, असा खातेदाराचा समज होतो. घात होतो तो येथेंच. अशा वेळीं तो संदेश पुरता वाचावा. अंक कोणासही सांगूं नये, असें बहुधा त्यांतच लिहिलेलें असतें.

दुसरी रीत याहून वाईट आहे. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ अशा नांवाची एपीके फाईल येते. ती मोबाईलमध्यें बसवून तिनें मागितलेल्या परवानग्या दिल्या, म्हणजे आलेले संदेश ती परस्पर ठकाकडे पोंचवूं शकते. मग ओटीपी विचारण्याचीही गरज राहत नाहीं. चोराचा माणूस घरांत गडी म्हणून ठेवावा, तसें हें आहे. अशी फाईल कोणत्याही ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडूं नये; कारण त्याचाही मोबाईल आधींच ठकाच्या हातीं गेलेला असूं शकतो.

तिसरी रीत विक्रीच्या वेळची. बैल किंवा कांदा घेणारा अनोळखी माणूस म्हणतो, ‘इसार पाठवितों, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ पिन पैसे देण्यास लागतो, घेण्यास कधींही लागत नाहीं. इसार देणारा निशाणी मागूं लागला, कीं तो घेणारा आहे असें समजावें.

पत्ता कसा वाचावा.— वडगांव नांवाचीं गांवें अनेक जिल्ह्यांत आहेत; पत्र कोठें जाईल हें शेवटच्या तालुक्या-जिल्ह्यावरून ठरतें. संकेतस्थळाच्या पत्त्याचेंही तसेंच आहे. आरंभीं बँकेचें नांव कोणीही लिहूं शकतो. नांवामागून येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घ्यावा व त्याचा शेवट पाहावा. रिझर्व्ह बँकेनें सन २०२५ मध्यें भारतांतील बँकांसाठीं ‘डॉट बँक डॉट इन’ हा शेवट राखून दिला व त्या वर्षाच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत त्यावर जाण्यास बँकांस सांगितलें. तथापि सर्वांत उत्तम मार्ग हा कीं, आलेली लिंक दाबूंच नये. शंका आल्यास पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर फोन करावा, अथवा शाखेंत जाऊन विचारावें.

पैसे गेल्यास.— लाजेनें गप्प बसूं नये. तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावें आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. फाईल बसविली असल्यास प्रथम इंटरनेट बंद करून दुसऱ्याच्या मोबाईलवरून फोन करावा. संदेश पुसून टाकूं नयेत. तोच पुरावा होय. त्वरा कां, तर पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत वेगानें फिरविला जातो व तो एखाद्या खात्यांत पडून आहे तोंवरच त्यास अटकाव करतां येतो. शिवाय सन २०१७ च्या परिपत्रकांत रिझर्व्ह बँकेनें असें तत्त्व घातलें कीं, खातेदारानें गुप्त अंक दिल्यानें नुकसान झालें तर बँकेस कळवीपर्यंतचा बोजा त्याचा, व कळविल्यानंतरचा बँकेचा. दोष बँकेचाही नाहीं व खातेदाराचाही नाहीं, अशा प्रसंगीं बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविल्यास खातेदारावर कांहींच बोजा ठेविलेला नाहीं. म्हणजे विलंबाचा प्रत्येक तास आपल्याच पदरीं पडतो.

पीक-कर्जाची रक्कम खात्यावर येते, ती बियाणें व खतांसाठीं असते. ती गेली तर पेरणीही जाते आणि कर्ज मात्र सातबाऱ्यावर राहतें. यास्तव हा पाठ वाचून ठेवून देऊं नये. ज्यांच्या खात्यांत अनुदानाचे वा निवृत्तिवेतनाचे पैसे जमा होतात, अशा घरांतील स्त्रियांस व वृद्धांस तो आज सायंकाळींच वाचून दाखवावा, आणि १९३० हा अंक दारामागें खडूनें लिहून ठेवावा.