मनोऱ्यावरचा ढोल आणि संगणक

मोबाइलच्या मनोऱ्यावर ढोलासारखी गोल ॲन्टेना दिसते ना? ती दूरच्या मनोऱ्याशी मायक्रोवेव्ह लहरींतून बोलते. तिच्या वाहिनीची रुंदी पुष्कळदा २८ मेगाहर्ट्झ असते.

सॉफ्टवेअर रेडिओत लहरीतून माहिती सोडवण्याचे काम संगणकाचा प्रोग्रॅम करतो. त्याला इथे सेकंदाला सुमारे ३ कोटी नमुने हवेत. कमी घेतले तर संकेत स्वतःतच मिसळतो. प्रत्येक नमुन्यात दोन आकडे, मिळून ४ बाइट. म्हणजे सेकंदाला १२ कोटी बाइट! यूएसबी २.० तारेतून कागदोपत्रीसुद्धा ६ कोटीच जातात. स्वस्त आरटीएल-एसडीआर तर सेकंदाला सुमारे २४ लाखच नमुने देते. एफएमला ती उत्तम, इथे मात्र ओंजळीने विहीर उपसणे. पालकांनी खरेदीपूर्वी हे पाहावे. सरावही स्वतः तयार केलेल्या संकेतावरच करावा. दुसऱ्याचे संभाषण सोडवणे बेकायदा आहे.

एका मिनिटाच्या नोंदीला किती गिगाबाइट लागतील? मांडून पाहा.