भुवईचं बाहेरचं टोक

भुवईचा कानाकडचा भाग विरळ दिसू लागला की आपल्याकडे पहिली धाव पार्लरकडे असते आणि दुसरी केमिस्टकडे. रक्त तपासायला हवं हे सुचेपर्यंत सहा-आठ महिने सहज निघून जातात. अंधेरी असो, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड, स्टेशनबाहेरच्या एकाच गल्लीत थ्रेडिंगची खुर्चीही असते आणि पॅथॉलॉजी लॅबही. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की या दोन दारांचा क्रम बदला. भुवई विरळ झाली म्हणजे थायरॉइडचा आजार झालाच, असं नव्हे. पण एकदा टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यायला एवढं कारण पुरेसं आहे, आणि तो अहवाल हातात येईपर्यंत तेल, सीरम, गमी किंवा भुवयांचं टॅटू यांवर एक रुपयाही खर्च करू नये.

केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरात सर्वांत वेगाने वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत आणि त्यांच्या वाढीवर थायरॉइडच्या संप्रेरकांचा थेट परिणाम होतो. माणसाच्या डोक्यावरची केसांची मुळं प्रयोगशाळेत जिवंत ठेवून केलेलं एक संशोधन २००८ साली प्रसिद्ध झालं. टी-फोर हे थायरॉइडचं संप्रेरक मिळालं की मूळ वाढीच्या अवस्थेत जास्त काळ टिकतं, असं त्यात दिसलं. हे संप्रेरक कमी पडलं की केस वेळेआधीच वाढ थांबवतो आणि साधारण तीन महिन्यांनी गळतो. म्हणजे आज कंगव्यात आलेला केस तीन महिन्यांपूर्वीची हकीकत सांगत असतो. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, भुवईचा जेमतेम काही आठवडे किंवा महिने. भुवईत जुने केस जाणं आणि नवे येणं सतत चालू असतं, त्यामुळे नवे येणं मंदावलं की तूट तिथे लपत नाही. बाहेरचा एक तृतीयांश भाग विरळ होण्याच्या या खुणेला बेल्जियमचे डॉक्टर हेर्टोघे यांचं नाव मिळालं आहे. आजारही काही दुर्मीळ नाही. मुंबईसह आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत १०.९५ टक्के लोकांत थायरॉइडची कमतरता आढळली, आणि एकूण लोकांपैकी ३.४७ टक्क्यांना आपल्याला हा आजार आहे याचा पत्ताच नव्हता. पत्ता लागत नाही कारण लक्षणं अगदी सावकाश येतात आणि प्रत्येकासाठी एक सोयीचं स्पष्टीकरण हाताशी असतं. थकवा म्हणजे प्रवासाचा, वजन म्हणजे वयाचं, बद्धकोष्ठता म्हणजे बाहेरच्या खाण्याची. एसी लोकलमध्ये बाकीच्यांना हायसं वाटत असताना एकटीलाच ओढणी लपेटून बसावं लागतं, यालाही कुणी लक्षण म्हणत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘मी वर्षानुवर्षं थ्रेडिंग करते, त्यामुळेच भुवया गेल्या.’ हे खरं असू शकतं. तेच तेच केस वर्षानुवर्षं उपटले गेले तर काही मुळं कायमची थकतात. म्हणून सहा आठवडे भुवयांना हात लावू नका आणि मग दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ आरसा धरून पाहा. थ्रेडिंगने काढलेले केस सहसा कडेने बारीक खुंटांसारखे परत डोकावतात. थायरॉइडमध्ये दोन्ही बाजूंची टोकं सारखीच ओकीबोकी दिसतात, उरलेला केस राठ आणि कोरडा असतो, खालची त्वचा रुक्ष आणि पापण्या किंचित सुजलेल्या वाटतात. डोक्यावरचे केस सगळीकडून सारखे पातळ होतात आणि भांग रुंद दिसू लागतो. नाण्याएवढा गोल भाग गुळगुळीत झाला असेल तर ती बहुधा चाई. तिच्यासोबतही थायरॉइडचा आजार आढळतो, तेव्हा तपासणी टाळू नये. भुवयांबरोबर अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाचा विचार आधी करायला हवा. त्याचं औषध सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत मोफत मिळतं, आणि लाजेपायी घालवलेला एकेक महिना तिथे महाग पडतो.

दुसरा आक्षेप पाण्याचा. टँकर किंवा बोअरवेलचं पाणी असलेल्या सोसायट्यांत केस गळण्याचं सगळं खापर पाण्यावर फुटतं. जड पाण्याने केस राठ होतात, तुटतातही, पण भुवईचं नेमकं बाहेरचंच टोक पाणी कसं निवडेल? बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात २०२४च्या अखेरीस गावंच्या गावं केस गळून हवालदिल झाली, तेव्हाही पहिला संशय पाण्यावरच गेला होता. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रेशनच्या गव्हात आणि बाधितांच्या रक्तात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त आढळलं. हे उदाहरण इथे मुद्दाम देतोय. ‘थायरॉइडसाठी उत्तम’ म्हणून सेलेनियमच्या गोळ्या कुणाच्याही सल्ल्याशिवाय घेतल्या जातात. थायरॉइडला सेलेनियम लागतं हे खरं, पण ते अतोनात झालं तर केस आणि नखं दोन्ही गळतात. मिठाबद्दलही गैरसमज आहे. समुद्रकाठी राहतो म्हणजे आयोडीन भरपूर, हा समज चुकीचा आहे. मुलुंड-भांडुपच्या पूर्वेला ज्या मिठागरांत मीठ पिकत आलं, तशा साध्या समुद्री मिठात आयोडीन नगण्य असतं, ते कारखान्यात मिसळावं लागतं. उपासापुरतं सैंधव ठीक, पण रोजच्या आमटी-भाजीत आयोडीनयुक्त मीठच हवं.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त चिंता बायोटिन या जीवनसत्त्वाची वाटते, कारण ते थेट तपासणीलाच चकवतं. शरीराची रोजची गरज तीस-चाळीस मायक्रोग्रॅमची, आणि केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत ते दहा हजार मायक्रोग्रॅम असतं. अनेक लॅबमधल्या यंत्रांची पद्धत बायोटिनवरच बेतलेली आहे. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटं जास्त दिसतं. ज्या बाईचा थायरॉइड मंद आहे, तिच्या हातात ‘सर्व नॉर्मल’ असा, किंवा थायरॉइड वाढल्याचा अहवाल पडतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल इशारा दिला होता. तेव्हा रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि घेत असाल तर लॅबमध्ये आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

उलट टोकाची चूकही होते. टीएसएच पाच किंवा सहा, टी-फोर व्यवस्थित, आणि केस गळण्याचा सगळा दोष थायरॉइडच्या माथी. एवढ्याशा वाढीने केस गळण्याची शक्यता कमी असते. गर्भारपण किंवा त्याची तयारी सोडली, तर दहाच्या खालच्या आकड्याला अनेकदा सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणं एवढाच उपाय असतो. अशा वेळी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा) पाहावं, कारण महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. बाळंतपण किंवा पावसाळ्यातला डेंग्यू होऊन दोन-तीन महिने झालेत का, हेही आठवून पाहावं. त्यामुळे गळलेले केस बहुधा आपोआप परत येतात.

थायरॉइडची कमतरता पक्की ठरली की तिची गोळी सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा किमान अर्ध्या तासाने. सकाळची लोकल गाठायच्या घाईत ती चहाबरोबर गिळली जाते आणि मग ‘डोस वाढवूनही आकडा उतरत नाही’ अशी तक्रार येते. कॅल्शियम आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवा. बाटलीचं झाकण घट्ट लावा, ती ओट्यावर किंवा खिडकीत ठेवू नका. मुंबईच्या जून-जुलैमधल्या दमट हवेत गोळ्यांची ताकद कमी होते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस आणखी गळू शकतात, आणि नेमक्या याच वेळी अनेकजणी औषध सोडून देतात. जे केस आधीच वाढ थांबवून बसले होते ते आता जागा सोडताहेत, म्हणून घाबरू नका आणि गोळी चालू ठेवा. डोस मात्र स्वतःहून वाढवायचा नाही, कारण थायरॉइड जास्त झालं तरीही केस गळतात, शिवाय हृदयाची धडधड वाढते. डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनीच तपासा, आधी केलेली तपासणी फुकट जाते. भुवईचे केस त्यानंतर काही महिन्यांत दिसू लागतात, डोक्यावरचे सहा महिने ते वर्ष घेतात. टीएसएच सहा महिने नीट राहूनही भुवई रिकामीच असेल, किंवा पाळी गेल्यानंतरच्या वयात कपाळावरची केसांची रेषा मागे सरकत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. केसांची रेषा मागे सरकवणाऱ्या आजारात मुळांच्या जागी व्रण तयार होतो, आणि एकदा बुजलेल्या मुळातून केस परत येत नाही.